मन्याकडे जाशील तेव्हा

ठाणे
बुधवार, 22 ऑक्टोबर 2025 (पाडवा)

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू "हो आई, हो आई" करत राहतोस आणि मागे लॅपटॉपची टकटक ऐकू येते. म्हणून लिहून पाठवते आहे. शुक्रवारी गाडीत बसलास की वाच. फ्रँकफर्टहून आखेनला, मन्याच्या विद्यापीठाच्या गावी, पोचेपर्यंत वाचून होईल, आणि गाडी रखडली तर दोनदा वाचून होईल. जर्मनीत गाड्या लेट होतात यावर बाबांचा अजून विश्वास नाही. गाडी तासभर उशिरा पोचली तर तिकिटाचे 25 टक्के परत मिळतात, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "आपल्याकडे हा नियम असता तर मी नोकरी कधीच सोडली असती, नुसता पासावर जगलो असतो."

पहिलं म्हणजे फराळाची पिशवी. तू निघालास तेव्हापासून ती हॉटेलच्या कपाटात पडून आहे ना? न विसरता घेऊन जा. चकल्यांचं काही होत नाही, पण चिवडा एकदा हाताने बघ, मऊ पडला असेल तर मन्याच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, पुन्हा कुरकुरीत होईल. भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट वेगवेगळ्या पाकिटांत आहे, प्रत्येकावर मीच नाव घातलंय, कारण मन्याच्या आईने तिन्ही पाकिटं सारखीच बांधून आणली होती आणि तुम्हा दोघांचा भरवसा नाही. खव्याच्या करंज्या आणि साजूक तुपाची बरणी मी काढून ठेवली होती, ते तिला अजून लागलेलं आहे. बाहेरच्या देशातून युरोपात जाताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, हे मी तिला तीनतीनदा सांगितलं. पण तिचा समज असा की तुझ्या बॅगेचं वजन वाचवायला मी कायदा काढला. तेव्हा तूप का नाही हे मन्याला तूच सांग. तुपावर उपाय आहे, तो पुढे लिहिते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

परवा तलावपाळीला दिवाळी पहाटेच्या गर्दीत मन्याची आई भेटली. ढोलताशे चालू, पोरं सेल्फी काढतायत, आणि ही माझा हात घट्ट धरून कानाशी ओरडून सांगते आहे: "निनादला सांगा, सगळं नीट बघून ये. खोली बघ म्हणावं. फ्रीज उघडून बघ. बारीक झालाय का ते बघ. मला फोनवर नुसती पांढरी भिंत दाखवतो हो." वर म्हणाली, "आणि आल्यावर आधी माझ्याकडे यायचं, घरी नंतर." मी हो हो केलं. त्या गोंगाटात दुसरं काय करणार?

पण तुला सांगते, हे काम अंगावर घेऊ नकोस. तू मन्याकडे मित्र म्हणून चाललायस. त्याने बोलावलंय. त्याच्या आईने पाठवलेला इन्स्पेक्टर दारात उभा आहे असं त्याला क्षणभर जरी वाटलं, तरी तो दोन दिवस तुला पांढरी भिंतच दाखवत बसेल. आणि तो काही दुधखुळा नाही. तू फ्रीज उघडलास की कोणाच्या सांगण्यावरून उघडलास हे त्याला लगेच कळेल.

मग परत आल्यावर तिला काय सांगायचं? ते त्यालाच विचार. सरळ विचार: "काकू विचारतील, काय सांगू?" तो सांगेल तेवढं सांग, त्यात पदरचं काही घालू नकोस आणि गाळूही नकोस. त्याची तब्येत खरंच बिघडलेली दिसली, तो खचलाय असं वाटलं, तर मात्र हा नियम बाजूला. तेव्हा त्याच्या तोंडावर म्हण की मी हे घरी सांगणार आहे, आणि मग सांग. पाठीमागून नाही.

मला हे एवढं लिहावंसं का वाटतं, तर त्या घराची बाजू तुला पूर्ण माहीत नाही. कर्जाचे कागद मन्याचे बाबा आपल्या जेवणाच्या टेबलावर घेऊन आले होते. बँक दुसरी होती, पण मी पंचवीसेक वर्षं हेच कागद चाळलेत म्हणून आले. सोसायटीत सगळे म्हणतात, जर्मनीत शिक्षण फुकट. फीपुरतं बघितलं तर ते फारसं खोटं नाही, आखेनसारख्या सरकारी विद्यापीठात सेमिस्टरची वर्गणी भरली की झालं. पण व्हिसासाठी राहण्याखाण्याचे वर्षभराचे पैसे आधी तिथल्या बंद खात्यात टाकावे लागतात. आज ही रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे, मन्या गेला तेव्हा थोडी कमी होती. त्यातून दर महिन्याला ठरलेलेच पैसे सुटतात, आजच्या हिशेबाने 992. म्हणजे जायच्या आधीच दहा लाखांच्या वर रक्कम उभी करायची होती, आणि हा फक्त पहिल्या वर्षाचा हिशेब. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. त्यांनी फ्लॅट दिला.

कोर्स संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं, ते कोणाच्या ध्यानात नसतं. मन्याचे बाबा ते व्याज दर महिन्याला भरतात, पुढे डोंगर होऊ नये म्हणून. आणि तो गेला तेव्हा युरो नव्वदीत होता, आता शंभरी ओलांडून बसलाय. तिथे राहण्याचा परवाना वाढवायचा म्हणजे खर्चाची सोय आहे हे पुन्हा दाखवा. पोरगा काम का करतो हे कळायला याहून जास्त हिशेब लागत नाही.

तू मागे बोलता बोलता म्हणालास की तो पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करतो, आणि मग लगेच "आई, हे कोणाला बोलू नकोस" म्हणालास. मी बोललेले नाही. त्याची आई सगळ्यांना सांगते की तो विद्यापीठाच्या लॅबमध्ये प्रोफेसरांना मदत करतो. तेही खरं असेल, आठवड्यातले काही तास. विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायला तिथे परवानगी आहे, त्यात दोन्ही बसतं. नियमात राहून करतोय ना, एवढं मित्र म्हणून जरूर विचार. दिवसांचा हिशेब तो वहीत ठेवत असेल तर मला बरं वाटेल. रोखीत आणि बिनकागदाचं काही नको, त्यात परवाना जातो.

आणि एक गंमत बघ. मन्या हे लपवतो कोणापासून? ज्या माणसाने वागळे इस्टेटमध्ये उभा जन्म तीन पाळ्यांत काढला त्याच्यापासून. तुम्ही दोघं पहिली-दुसरीत होता तेव्हा ते नाईट करून सकाळी घरी यायचे, आणि तुम्ही जिन्यात खेळताना आरडाओरडा केलात की मीच तुम्हाला गप्प करायचे, "काका झोपलेत." कंपनी बंद पडली, आता त्या जागी काचेची बिल्डिंग आहे आणि तिथे तुमच्यासारखी पोरं कार्ड दाखवून आत जातात. रात्रपाळीनंतर भूक कशी मरते, दिवसा झोप का लागत नाही, हे त्या घरात कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. आईला सांगायला तो बिचकतो हे मला कळतं. बाबांना त्याने सांगावं असं मला वाटतं. पण हे वाटणं माझं आहे. तू त्याच्यापुढे ठेवलंस तर ठेव, गळ घालू नकोस.

आता पैशाची गोष्ट, कारण तुमच्यात ती येणारच. दहावीपर्यंत तुम्ही एका बाकावर, एका वडापावात दोघं. आज तू ऐरोलीच्या कंपनीच्या पैशाने फ्रँकफर्टच्या हॉटेलात राहतोस, रोजचा भत्ता वेगळा, आणि तो महिन्याला मोजून मिळणाऱ्या पैशांत बसवतो. हुशारीने तो तुझ्या पुढेच होता, हे तुला माहीत आहे आणि त्यालाही. अशा वेळी बिल आलं की तू झडप घालून कार्ड पुढे करायचं, असं दोन दिवस केलंस तर तिसऱ्या वेळी तो "भूक नाही रे" म्हणेल. त्याला एकदा तरी पैसे देऊ दे. कॉफीचे दे म्हणावं, बसचे दे म्हणावं. तुझ्या बाजूने करायचं ते न बोलता कर. शनिवारी त्याच्याबरोबर दुकानात जा आणि तांदूळ, तूरडाळ, तेल, कांदे-बटाटे असं जड सामान तू उचल. जड म्हणजे वजनाने जड, महाग नव्हे. ते दोन मजले चढवून ठेवलंस की त्याचे पुढचे आठवडे सुटतील आणि कोणी कोणावर उपकार केल्यासारखं वाटणार नाही. हे शनिवारीच कर हं, रविवारी तिकडे दुकानं बंद असतात. पाकीट उशीखाली ठेवून येण्याचा सिनेमा करू नकोस.

त्याची शनिवारची पाळी असेल तर ती तुझ्यासाठी बुडवायला लावू नकोस. आधीच विचारून ठेव. तो झोपलेला असताना तुला वेळ घालवायला आखेन गावात पुष्कळ आहे. तिथलं मोठं चर्च बघ. बाराशे वर्षांपूर्वीचा शार्लमेन राजा तिथे पुरलेला आहे आणि पुढे 936 पासून 1531 पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथेच होत होते. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, त्यात जेमतेम 12 जागा होत्या, त्यातली ही एक. आत गेलास की मान वर करून घुमटातलं सोनेरी काम सावकाश बघ, फोन खिशात ठेवून. मग बाहेर पडून जवळच एलिझेनब्रुनेन नावाचा खांबांचा मंडप आहे तिथे जा. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, नळातून पाणी येतं. वास घे आणि मला सांग, कुठला आठवतो ते. तिसरीच्या सुट्टीत वज्रेश्वरीला नेलं होतं, कुंडापाशी मन्याने नाक दाबून "कोणीतरी अंडं सडवलंय" असं सगळ्या भाविकांसमोर जाहीर केलं होतं आणि त्याच्या आईने तिथेच धपाटा घातला होता. तोच गंधकाचा वास. राजा म्हणे या गरम पाण्यासाठीच आखेनला राहायचा. आपल्या गणेशपुरी-अकलोलीला कोणा राजाने असा मुक्काम ठोकला असता तर रस्ते तरी बरे झाले असते.

दोघांना मोकळा वेळ मिळाला तर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड या तीन देशांच्या हद्दी जिथे मिळतात ती टेकडी जवळच आहे, फाल्स गावाच्या वरती. उंची 322 मीटर. नेदरलँडच्या मुख्य भूमीवरची ती सगळ्यात उंच जागा, तेव्हा येऊरचा मामा-भाचे डोंगर चढलेल्या पोरांनी हसायचं नाही. पासपोर्ट मात्र खिशात हवा. व्हिसा तिन्ही देशांत चालतो म्हणून तू तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाशील, मी ओळखते तुला. गेल्या वर्षापासून जर्मनीने हद्दीवर तपासणी सुरू केलीय, परतीच्या बसमध्ये कोणी विचारलं तर काय हॉटेलचं कार्ड दाखवणार? आणि तिकिटाचं बघ. मन्याकडे विद्यार्थ्यांचा पास असतो, तो "चल रे बस" म्हणून चढेल, तू त्याच्या मागोमाग चढशील. तुझा पास नाही. विनातिकीट सापडलास तर 60 युरो, आणि ते कंपनी देत नाही.

तुपाचा उपाय. दुकानातून बिनमिठाचं लोणी घे, तिथे पाव किलोची वडी मिळते. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेव. आधी ते वितळेल, मग पांढरा फेस येईल आणि तडतड आवाज सुरू होईल, तो पाण्याचा असतो. ढवळत बसू नकोस. आवाज कमी कमी होत जाईल, फेस खाली बसेल, खालची बेरी बदामी दिसू लागेल आणि वास बदलेल. तो वास तुला कळेल, लहानपणी बेरीसाठी ओट्यापाशी उभा राहायचास. आता महत्त्वाचं: तिकडे गॅस नसतो, विजेची तबकडी असते आणि ती बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. त्यामुळे आवाज पूर्ण थांबायची वाट बघायची नाही, थोडा उरला असतानाच भांडं उचलून बाजूला ठेवायचं. नाहीतर बेरी काळी होईल आणि तूप कडवट. गाळून बरणीत भर. मग मऊ भात कर, त्यावर मेतकूट आणि हे तूप, आणि मन्यापुढे ठेव. फोडणी देणार असशील तर आधी स्वयंपाकघराची खिडकी उघड आणि दार लाव, मोहरी तडतडली की त्या डॉर्ममधला धुराचा भोंगा वाजतो आणि मग सगळी बिल्डिंग रात्री कोट घालून रस्त्यावर. त्याच्याबरोबरची पोरं काय म्हणतील? भांडीही तू घास. स्वयंपाकघर आठ-दहा जणांचं असतं, पाहुण्याने केलेल्या पसाऱ्यावरून बोलणी यजमान खातो.

रात्री गप्पा मारताना आवाज बेताचा ठेवा, दहानंतर तिथे शांतता पाळतात. तसा तुम्हाला या वेळी एक तास फुकट मिळणार आहे. शनिवारच्या रात्री तिकडची घड्याळं मागे जातात, रविवारी पहाटे तीन वाजले की पुन्हा दोन. उन्हाळ्यात आपण तुमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, रविवारपासून साडेचार. मोबाईल आपोआप बदलेल, हातातलं घड्याळ नाही बदलणार, आणि परतीची गाडी कुठल्या घड्याळाने पकडायची ते आदल्या रात्री ठरवून ठेव.

हे सगळं वाचून तू म्हणशील, आई, दोन दिवसांची तर ट्रिप. आहेच. पण गेलं वर्षभर मन्याकडे आपल्यातलं कोणी गेलेलं नाही, आणि त्याच्या आईबाबांना जायला कधी जमेल ते फ्लॅटवरचा बोजा उतरल्याशिवाय सांगता येत नाही. तू त्याच्या खोलीत दोन रात्री जमिनीवर झोपणार, त्याच्या सायकलवर मागे बसणार, त्याच्या मित्रांची नावं ऐकणार. परत आल्यावर तू नुसतं "रूममध्ये खिडकी मोठी आहे, समोर झाड आहे" एवढं जरी त्याच्या आईला सांगितलंस तरी ती ते सोसायटीत महिनाभर पुरवेल. अशा गोष्टी मात्र भरपूर बघून ये. त्या सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. फोटो काढशील त्यात एक तरी असा असू दे ज्यात तो जेवतोय आणि कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. तो पाठवू का, हे त्याला विचार. हो म्हणाला तर रविवारीच पाठव, तुमच्या दुपारी चारच्या आत, म्हणजे इथे साडेआठच्या आधी. ती नऊला झोपते.

बाबा म्हणतायत, येताना आखेनची ती मसाल्याची बिस्किटं आण, प्रिंटेन. दाताला कडक असतात असं मी वाचलंय, मऊ प्रकारही मिळतो, तो बघ. एक पुडा आपल्याला, एक त्यांच्याकडे. त्यांच्याकडचा मन्यालाच निवडू दे.

तुझी,
आई

ता. क. रात्रपाळीचं बाबांना सांगायचं त्याने ठरवलंच, तर फोन रविवारी नको. रविवारी घरात पाहुणे असतात. सोमवारी सकाळी मन्याचे बाबा फिरायला उपवनला एकटे जातात, तेव्हा तिकडे पहाटेचे दोन-अडीच वाजलेले असतील. पण त्या वेळी तो गोदामातच जागा असतो ना?